आधी रिपोर्ट वाचा, मग कार्ब उघडा

स्मॉग चाचणीत, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीत, गाडी नापास झाली की हातात एक कागद मिळतो. त्यावरचा 'फेल' हा शिक्का बघून बरेच लोक तो घडी घालून ठेवतात आणि थेट कार्ब्युरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, दुरुस्तीचं किट मागवतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या कागदावरचे चार-पाच आकडे कार्ब्युरेटरच्या नेमक्या कुठल्या भागात बिघाड आहे ते सांगत असतात. नोकरीत माझी बरीच वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात मीटरचे आकडे वाचण्यात गेली. आकडा बिघडला की आधी तो कशामुळे बिघडला ते शोधायचं आणि मगच हत्यार हातात घ्यायचं, ही सवय तिथली. आमच्या जुन्या मोटरहोमच्या कार्ब्युरेटरचं काम मी त्याच सवयीने केलं. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण कॅलिफोर्नियात अशी गाडी सांभाळणाऱ्या कुणाला तरी ते उपयोगी पडेल.

गाडी १९७६ सालची जीएमसी मोटरहोम, २६ फुटी. जनरल मोटर्सने हे मॉडेल १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं काढलं. ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे खालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्टच नाही. म्हणून आतली जमीन इतकी खाली आहे की आई आली तेव्हा एका पायरीत आत चढली. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं आणि त्यांना हवेच्या पिशव्यांचं सस्पेन्शन. इंजिन ओल्ड्समोबिलचं, ४५५ घनइंच, म्हणजे साडेसात लिटर. टोरोनॅडो नावाच्या मोटारीतलं हे इंजिन आणि गिअरबॉक्स तसेच्या तसे इथे आणून बसवलेले. आणि इंजिनाच्या डोक्यावर रोचेस्टर कंपनीचा चार नळ्यांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी लागत नाही. १९७६ पासूनच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय डीएमव्ही, म्हणजे राज्याचं वाहन खातं, नोंदणीचं नूतनीकरण करत नाही. आमची गाडी त्या रेषेच्या अगदी पलीकडची. ओळखीचे लोक हळहळतात, एक वर्ष जुनी घेतली असती तर ही कटकट नसती म्हणतात. मला तसं वाटत नाही. गाडीतून निघणारं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की त्यातून ओझोन तयार होतो, हे एरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून दाखवलं. पुढे राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे ते पहिले अध्यक्ष झाले. उन्हाळ्यात इथल्या सेंट्रल व्हॅलीतून समोरचे डोंगर दिसेनासे होतात ते मी पाहिलं आहे. साडेसात लिटरचं इंजिन रस्त्यावर आणायचं तर ते शक्य तितकं स्वच्छ चालावं ही माझीच इच्छा आहे, कायदा नंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा कार्ब्युरेटर किंवा फ्युएल इंजेक्शन बसवून मोकळं होता येत नाही. मूळ सामानाऐवजी दुसरं काही लावायचं तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक हवा; नसेल तर नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीतच गाडी बाद होते. म्हणजे मूळ क्वाड्राजेटच दुरुस्त करायचा. मला ते आवडलंच.

आता तो कागद. आमच्या गाडीला रोलर्सवर चढवत नाहीत. उभ्या गाडीचीच दोन वेगांवर तपासणी होते: एकदा २५०० आरपीएमला (मिनिटाला २५०० फेरे) आणि एकदा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता. आयडलला कार्बन मोनॉक्साइड सहा टक्क्यांच्या जवळपास होता आणि हायड्रोकार्बन ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भागांच्या) वर. २५०० आरपीएमला मात्र दोन्ही आकडे मर्यादेच्या आत. सगळी गोम याच फरकात होती.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे हवा कमी पडल्याने अर्धवट जळलेलं पेट्रोल. तो वाढला की मिश्रण श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त, हे जवळजवळ ठरलेलं. हायड्रोकार्बन म्हणजे अजिबात न जळलेलं पेट्रोल. ते ठिणगी चुकल्यामुळे येतं, मिश्रण फार श्रीमंत झाल्यामुळे येतं आणि फार पातळ झाल्यामुळेही येतं. म्हणून एकट्या हायड्रोकार्बनवरून काही ठरवू नये. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर प्लग, वायर, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा कुठून तरी आत शिरणारी हवा शोधायची. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल शोधायचं. आमचे दोन्ही जास्त होते, तेही फक्त आयडलला.

दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याची हयात जीपच्या कार्ब्युरेटरमध्ये गेली आहे. त्याने आकडे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अगं, पण आधी ठिणगी बघ, मग पेट्रोल. ठिणगी बरोबर असल्याशिवाय कार्बला हात लावायचा नाही." म्हणून आधी बाकीचं सगळं तपासलं. प्लग काढले, काळे कोरडे काजळलेले होते, म्हणजे रिपोर्टशी जुळणारे. ते बदलले. टायमिंग लाइट लावून टायमिंग इंजिनावरच्या लेबलप्रमाणे आहे याची खात्री केली, कारण चाचणीत तेही मोजतात. इनटेक मॅनिफोल्डला (कार्बखालच्या, मिश्रण इंजिनात नेणाऱ्या भागाला) व्हॅक्युम गेज लावला, काटा स्थिर. हाताच्या पंपाने ईजीआर व्हॉल्व्हला (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेला) व्हॅक्युम दिल्यावर इंजिन अडखळलं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोय. आणि ऑइल बदललं. याचा कार्बशी काय संबंध असं वाटेल, पण इंजिन बराच काळ श्रीमंत चाललं की पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, गरम झालं की त्याची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणाऱ्या झडपेतून) परत इंजिनात येते आणि आयडलचे आकडे आणखी बिघडवते.

एवढं झाल्यावरही आयडलला पेट्रोलचा वास तसाच होता. मग एअर क्लीनर काढला आणि इंजिन आयडलला ठेवून टॉर्च मारून पुढच्या दोन नळ्यांत पाहिलं. आयडलला थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या, पाकळ्या जवळजवळ बंद असतात. त्या वेळचं पेट्रोल पाकळ्यांच्या खालच्या बारीक भोकांतून यायला हवं आणि वरचे मुख्य नॉझल कोरडे असायला हवेत. माझ्याकडे नॉझलमधून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. रेस दिली की मुख्य नॉझलनेच पेट्रोल द्यायचं असतं, त्यामुळे २५०० आरपीएमला ही गळती मोठी दिसत नाही. आयडलला मात्र ती पूर्ण जास्तीची. म्हणजे कार्बच्या वाटीतली, पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातली, पेट्रोलची पातळी वर गेलेली होती. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) किंवा नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई).

आणखी एक खूण होती. गाडी काही दिवस उभी राहिली की सुरू करताना स्टार्टर फार वेळ फिरवावा लागायचा. वाटी रिकामी होत होती. थोडं पेट्रोल उडून जातंच, पण क्वाड्राजेटमध्ये त्याचं आणखी एक कारण प्रसिद्ध आहे, ते पुढे सांगते.

या गाडीत इंजिनाचं झाकण राहण्याच्या जागेत आहे, ड्रायव्हरच्या सीटमागे जमिनीत. म्हणजे कार्ब्युरेटर उघडताना तुम्ही घराच्या आत बसून पेट्रोल सांडत असता. गाडीतला फ्रिज आणि पाणी तापवायचा बंब गॅसवर चालतात, त्यांच्यात पेटती ज्योत असते. सर्वात आधी गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्या ज्योती विझल्या का ते स्वतः जाऊन बघा, बॅटरीची तार काढा, खिडक्या-दारं उघडी ठेवा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. माझ्या नवऱ्याला मी दारात बसवलं होतं. हे मी अतिशय गांभीर्याने लिहिते आहे.

कार्ब काढण्याआधी प्रत्येक नळीवर चिकटपट्टी लावून आकडे टाकले. काढल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडावर स्वच्छ फडकं. कार्बच्या डाव्या बाजूला उभा कोरलेला क्रमांक असतो, तो आधी उतरवून घ्या. माझा १७०५६ ने सुरू होतो, त्यातला पाचवा आकडा वर्षाचा, ६ म्हणजे १९७६. किट आणि सगळी मापं या क्रमांकावरून ठरतात. "४५५ चं किट" असं मागू नका, क्वाड्राजेटचे प्रकार असंख्य आहेत.

वरचं झाकण काढताना दोन स्क्रू हमखास राहून जातात, कारण ते चोकच्या (थंड इंजिनाची हवा कमी करणाऱ्या) पाकळीखाली, नळीच्या आत खोल बसवलेले आहेत. ते राहिले आणि झाकण उचकटलं तर झाकण वाकतं. ॲक्सिलरेटर पंपाच्या दांड्याची पिन बारीक पंचाने आत सरकवायची, तीही पूर्ण नाही, दांडा सुटेल एवढीच. फार आत गेली तर परत बाहेर काढायला जागा नाही. मागच्या दोन मोठ्या नळ्यांच्या मीटरिंग रॉड (पेट्रोल मोजणाऱ्या सळया) एका छोट्या स्क्रूवर लटकलेल्या असतात, त्या आधी वर काढून घ्यायच्या.

झाकण निघालं की क्वाड्राजेटची रचना डोळ्यांसमोर येते, आणि मला ती फार सुंदर वाटते. चार नळ्यांच्या मधोमध एकच लहान वाटी, त्यामुळे वळणावर किंवा चढावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) उघडे पडत नाहीत. पुढच्या दोन नळ्या लहान, मागच्या दोन प्रचंड. साध्या चालीत गाडी फक्त पुढच्या दोनांवर चालते आणि हवा बारीक नळीतून वेगाने जात असल्याने मिश्रण अचूक होतं. पुढच्या प्रत्येक जेटमध्ये एक निमुळती सळई लोंबते. इंजिनाचा व्हॅक्युम एका पिस्टनला खाली ओढतो, सळईचा जाड भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोल कमी होतं. चढ लागला, व्हॅक्युम पडला, की स्प्रिंग पिस्टन वर ढकलते, सळईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोल वाढतं. ना सेन्सर, ना संगणक. आणि हे यंत्र १९६५ पासून गाड्यांत आहे.

माझा पिस्टन मोकळा होता. बोटाने दाबला की स्प्रिंगने वर यायचा. तो वरच अडकला असता तर २५०० आरपीएमलाही मोनॉक्साइड वाढलेला दिसला असता. रिपोर्टने तो आधीच निर्दोष ठरवला होता.

फ्लोट मात्र दोषी निघाला. क्वाड्राजेटचा फ्लोट काळ्या, बंद छिद्रांच्या फोमचा असतो आणि वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून तो पेट्रोल पितो. दिसायला जसाच्या तसा, पण वजन वाढतं. जुना आणि नवा फ्लोट मी बारीक काट्यावर शेजारी शेजारी तोलले. जुना स्पष्ट जड होता. जड फ्लोट खोल बुडतो, नीडल उशिरा बंद होते, पातळी वर जाते आणि नॉझल गळतात. मी पाहिलेल्या थेंबांचा पत्ता इथे लागला. जुना फ्लोट धुऊन परत बसवण्याचा मोह कुणालाही होऊ नये, तो सुकवूनही सुधारत नाही. नीडल आणि तिची सीटही नवी घातली.

आता वाटी रिकामी होण्याचं कारण. कारखान्यात मुख्य जेटखालच्या विहिरी यंत्राने कोरल्यावर उघड्या राहिलेल्या तळाला धातूच्या बुचांनी बंद केलेलं असतं. काळाने ही बुचं झिरपू लागतात आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये उतरतं. मधला भाग उलटा केला तर एका बुचाभोवती तपकिरी ओला डाग होता. पृष्ठभाग घासून, सॉल्व्हंटने पुसून, पूर्ण कोरडा करून मी दोन्ही बुचांवर पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी लावला आणि पक्का होऊ दिला. मग विहिरींत सॉल्व्हंट भरून तो भाग कोऱ्या कागदावर ठेवला. कागद कोरडा राहिला तेव्हाच पुढे गेले.

सफाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धातूचे भाग कार्ब क्लीनरमध्ये; रबर, नायलॉन, व्हॅक्युमचे डायफ्रॅम आणि फ्लोट बाहेर. प्रत्येक वाटेतून दाबाची हवा, डोळ्यांवर चष्मा. जेटमध्ये तार घालायची नाही. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ७३ असेल तर ०.०७३ इंच. तारेचा एक ओरखडा त्या मापाचं नुकसान करतो आणि मग चाचणीतले आकडे कधीच जमत नाहीत.

एक काम मी बाहेर करून घेतलं. थ्रॉटलचा शाफ्ट पोलादी, तो ज्यात फिरतो तो पाया ॲल्युमिनियमचा, आणि एवढ्या वर्षांत तिथलं भोक लांबट झालं होतं. शाफ्ट हलवला की बोटाला खेळ जाणवायचा. तिथून चोरवाटेने हवा शिरते आणि आयडल कधी स्थिर होत नाही. रीमर मारून बुश बसवायला नीट यंत्र लागतं. हाताच्या ड्रिलने ते करू नये. लेथ चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते इतकं सुबक करून दिलं की शाफ्ट आता आपल्या वजनाने फिरतो आणि बाजूला जरासुद्धा हलत नाही.

ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी कप घेताना इथेनॉलला टिकणारा आहे ना ते विचारून घ्या. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं; जुन्या प्रकारचा कप त्यात फुगतो किंवा कडक होतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळच होतं, म्हणजे अशा पेट्रोलवरसुद्धा सहा टक्के मोनॉक्साइड येत असेल तर गळती केवढी असेल याचा अंदाज करा.

नवी पॅकिंग घालून सगळं जोडलं. फ्लोटची उंची किटमधल्या कागदावर माझ्या क्रमांकासमोर दिलेल्या मापाप्रमाणे पट्टीने मोजून ठेवली. झाकणाचे स्क्रू मधून बाहेर, थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. पुढचे दोन लांब बोल्ट जोर लावून आवळल्यामुळे कितीतरी क्वाड्राजेटची झाकणं वाकलेली असतात.

आयडलचे दोन मिश्रण स्क्रू आधी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दोन्ही सारखे बाहेर. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा. टॅकोमीटर लावून दोन्ही स्क्रू आलटून पालटून फिरवत सर्वात जास्त आरपीएम मिळवायचा, आयडल स्क्रूने वेग लेबलवरच्या वरच्या आकड्यावर आणायचा आणि मग दोन्ही स्क्रू सारखेच आत घेत आरपीएम लेबलवरच्या खालच्या आकड्यापर्यंत उतरवायचा. ही पद्धत त्याच काळातली आहे आणि उत्सर्जन कमी ठेवण्यासाठीच घालून दिलेली. कानाने लावलेलं आयडल गोड वाटतं, पण ते नेहमी थोडं श्रीमंत असतं. दादाला फोनवर आवाज ऐकवला तेव्हा तो म्हणाला, "अजून अर्धा फेरा बाहेर घे, मखमल होईल." मी म्हटलं, "दादा, मखमल नको, प्रमाणपत्र हवंय." तोही हसून हो म्हणाला.

टॉर्च मारून पुन्हा नळ्यांत पाहिलं. नॉझल कोरडे.

चाचणीला जाताना गाडी हायवेवर चांगली तापवून नेली आणि तिथे पोचल्यावर रांगेत इंजिन चालूच ठेवलं. तपासणाऱ्या मुलाने आत येऊन झाकण उघडलं, लेबलवरची प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते बघितलं, टायमिंग मोजलं, ईजीआर पाहिला, पेट्रोलच्या टोपीची चाचणी घेतली आणि मग सायलेन्सरमध्ये नळी घातली. आयडलला मोनॉक्साइड एक टक्क्याच्या खाली, हायड्रोकार्बन दीडशेच्या आत. २५०० आरपीएमचे आकडे आधीही ठीक होते, ते आणखी थोडे उतरले. या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारी पेटी, नाही. हे सगळं फक्त कार्ब्युरेटर, ठिणगी आणि ईजीआरच्या जोरावर. मला त्या क्षणी फार आनंद झाला.

दोन्ही रिपोर्ट मी गाडीच्या फाइलमध्ये शेजारी शेजारी लावले आहेत. पुढच्या चाचणीआधी कुठल्या आकड्याशी तुलना करायची ते आता ठरलेलं आहे. चोकचा व्हॅक्युम डायफ्रॅम अजून जुनाच आहे, हातपंपाने धरलेला व्हॅक्युम तो टिकवतो, पण थंड इंजिन सुरू झाल्यावर काळा धूर येऊ लागला तर पहिला संशय त्याच्यावर. आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मी याच वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी बदलल्या. तुमच्याकडे ही गाडी असेल तर कार्बच्याही आधी ते करा, कारण त्या नळ्या तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळून जातात.